चांदावरच्या विहिरीचा मालक

साहेबराव पेंटरला कुणी शिवी दिली तर तो हसायचा. त्याच्या चांदाला मात्र कुणी नाव ठेवलं की त्याची अन्नावरची वासना उडायची. मी त्याचा शेजारी, शिवाय दहा वर्षं त्याच्या नाटकात यंत्रमानव झालेलो, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

आमची वस्ती बोरवाडीची. अहमदपूरहून जळकोटकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत यायचं. छप्पननंतर आमच्या बापांनी धम्म घेतला, देव ओढ्यात सोडले, येसकरकी म्हणजे वेशीवरची चाकरी टाकली, पोथ्या बांधून माळ्यावर फेकल्या. सगळं चांगलंच झालं. पंचाईत एकच झाली, संध्याकाळी ऐकायचं काय? वंदना झाली की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची आणि मग कुठल्या तरी फालतू गोष्टीवरून भांडायची.

साहेबराव तेव्हा अहमदपुरात स्टँडजवळच्या एका पेंटरच्या हाताखाली अक्षरं शिकत होता. कुंचले पुसायला रद्दी पेपर लागायचे. तो ते आधी वाचायचा, मग पुसायचा. माणूस चांदावर उतरला ही बातमी त्याला अशीच सापडली, अर्धी हिरव्या रंगाखाली गेलेली. उरलेली अर्धी त्याने मनाने पुरी केली आणि पुढच्या भीमजयंतीला बैलगाडीच्या फळ्यांवर आम्हाला करून दाखवली. ‘चांदावरची वस्ती’, भाग पहिला. तिथून दर जयंतीला एक भाग, बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा खाडा नाही.

गोष्ट साधी होती. आमच्याच बोरवाडीची माणसं राकेटात बसून चांदावर जातात आणि तिथे घरं बांधतात. राकेट चालवते तारा नावाची पोरगी. तिच्याबरोबर एक यंत्रमानव, म्हणजे मी, म्हणजे तेलाचे चार डबे आणि आत घामाने निथळणारा एक इसम. प्रत्येक भाग ताराला संकटात सोडून संपायचा. जयंतीला पार रेणापूरकडचे पाहुणे यायचे, ते रामराम जयभीम करायच्या आधी तारा वाचली का ते विचारायचे.

गावातली माणसंही यायची. आधी लांब उभी राहायची, मग गाड्या जुंपून येऊ लागली. गावात श्रीमंत नावाचा एक मळेवाला मालक होता, त्याची आई कस्तुराबाई तर एकही भाग चुकवायच्या नाहीत. त्या गाडीतच बसायच्या, खाली पाय ठेवायच्या नाहीत. आमच्या घरचं पाणी त्या घेत नसत, गोष्ट मात्र घेत. मला त्याचा संताप यायचा. पण एका भागात तारा मेली असं वाटलं, तेव्हा ती म्हातारी गाडीत हमसून हमसून रडली, आणि माझा संताप चार दिवस कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

आता नाव ठेवण्याचं. दुसऱ्याच भागाला वस्तीतल्या ग्यानोबा आजाने भर सभेत सांगितलं की राकेट धान्याच्या कणगीसारखं दिसतंय. साहेबराव दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बायको धुरपताबाई म्हणाली, “नाव ठिवणं सोपं हाय. म्हणावं, फुडच्या खेपंला तूच सोंग घे.” साहेबरावाने ते धरलं. भाग संपला की तो फळ्यांवर येऊन हात जोडायचा आणि म्हणायचा, “ज्याला नाव ठिवायचं त्यानं उभं ऱ्हावं.” जो उभा राहील त्याने पुढच्या भागात काम करायचं, आणि काय कमी होतं ते स्वतः भरून काढायचं. ग्यानोबा आजा त्यानंतर पाच वर्षं राकेटात बसला. या रिवाजाने नाटकाला माणसं कधी कमी पडली नाहीत आणि टीकाही जरा तोलून मापून होऊ लागली. गावातलं मात्र कुणी कधी उभं राहिलं नाही. त्यांना जे बोलायचं ते घरी जाऊन बोलायचे.

दहाव्या भागात तारा चांदाच्या पाठीमागच्या अंधारात अडकली आणि साहेबराव नांदेडला सिनेमाची पोस्टरं रंगवायला गेला. पोटाचा प्रश्न होता, त्याला काय करणार? तीन जयंत्या कोरड्या गेल्या. म्हातारी माणसं त्याच्या नावाने बोटं मोडायची. मग लातूर वेगळा जिल्हा झाला आणि शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत, सगळीकडच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहायचं काम निघालं. साहेबराव परत आला. गावोगाव फिरून त्याने जिल्हा बदलला. पाऊस काही त्याच्या हातात नव्हता, तो त्या साली आलाच नाही.

संक्रांतीला आमच्या वस्तीचा आड आटला, होळीला गावची विहीर. टँकर यायचा तो गावात पारापुढे रिकामा व्हायचा, आमच्यापर्यंत त्याचा नुसता आवाज यायचा. पाणी राहिलं होतं ते एका जागी, श्रीमंतच्या मळ्यात. पहाटे वस्तीतल्या बाया घागरी घेऊन तिकडे जायच्या. विहिरीवर श्रीमंत बसलेला असायचा. “थांबा. आधी जनावरं पिऊ द्या,” एवढंच म्हणायचा. बाया घागरी पालथ्या घालून त्यावर बसायच्या. जनावरांचा हौद गोठ्याच्या मागे होता, तिकडे कधी काय चालतं ते बायांना दिसायचं नाही. ऊन डोक्यावर आलं की तो म्हणायचा, “भरा आता.” त्यात माझी बायको असायची, धुरपताबाई असायची. रोजगार हमीचा अर्धा दिवस त्यातच बुडायचा. त्या साली त्याच्या शेतात काहीच पिकलं नव्हतं, मालकपणा दाखवायला त्याच्याकडे दुसरी जागा नव्हती, असं मी आज म्हणतो. तेव्हा मी फक्त दात खायचो. विहिरीशी वैर करून चालत नाही.

अशा साली अकरावा भाग आला. लोकांना सकाळी खडी फोडायला जायचं असायचं, म्हणून दिवस मावळायच्या आत खेळ सुरू केला, आणि तीन वर्षांची भरपाई म्हणून दोन संध्याकाळी दोन भाग करायचं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी पडदा सरकला तेव्हा टाळ्या पडल्या. तारा अंधारातून बाहेर आली तेव्हा कस्तुराबाईंनी गाडीत हात जोडले. मग तारा चालत चालत एका विहिरीपाशी येते. विहीर म्हणजे कागद चिकटवलेलं गाडीचं चाक. तिथे चांदावरच्या बाया रिकाम्या भांड्यांवर बसलेल्या, आणि चंदेरी टोप घातलेला एक मालक म्हणतो, “थांबा. आधी माझी यंत्रं पिऊ द्या.” मालकाचं सोंग आमच्या नरसिंगने घेतलं होतं. भाग तिथेच संपला. मी डब्यातून बघत होतो. एकही टाळी वाजली नाही.

साहेबराव पुढे आला आणि हात जोडले.

“राकेट कुटं हाय?” ग्यानोबा आजा बसूनच ओरडला. “तीन साल वाट बघिटली आन राकेटच न्हाई?”

“असू द्या की आजा, राकेट लई बघिटलं,” नरसिंग टोप काढत म्हणाला. “पहिल्या डाव खरं काय तर आलंय चांदावर.”

पोरं म्हणत होती, आधीचं बरं होतं. पाहुण्यांतला एक म्हणाला, हाच सगळ्यात भारी भाग. तेवढ्यात बायांमधून एक जण उभी राहिली. खुद्द धुरपताबाई.

“मी नाव ठिवते,” ती म्हणाली. “चांदावर बी पाण्याला बसून ऱ्हायचं आसंल, तर तितं जायचं कशाला? दिवसभर तेच करून राहिलो आम्ही. सांजंला जरा सुकाचं दाखवावं माणसानं.”

साहेबरावाचा चेहरा पडला. बायकोनेच नाव ठेवल्यावर माणूस जाणार कुठे? पण त्याला खाली बसायलाही वेळ मिळाला नाही. कडेच्या गाडीत श्रीमंत उभा राहिला होता. गावातलं माणूस आजवर पहिल्यांदाच उभं राहिलं, आणि तेही हे.

“सायबू,” तो म्हणाला, “तुझं हे खोटं हाय. पाणी कोन देतंय वस्तीला? तुज्या बापाचा टँकर देतोय का? मालक आसा आसतो व्हय?”

मग मागून एका पोराचा आवाज आला, “उभा ऱ्हायला! सोंग घ्यावं लागतंय!” कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण शब्द सुटला तो सुटला. मला वाटलं, आता हा गाडी फिरवून जाणार आणि उद्यापासून आपण पाण्यासाठी ओढ्याच्या वाळूत झिरे खणणार.

श्रीमंत हसला. “घेतो की. उद्या मालकाचं सोंग मीच घेतो. चांगला मालक कसा आसतो ते बघू द्या लोकायला. तू तसं लिव्ह.”

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया विहिरीवर गेल्या आणि तशाच परत आल्या. श्रीमंतने त्यांना बसूसुद्धा दिलं नव्हतं. “आज पाणी न्हाई. सांजंला खेळ हू द्या, मग बघू,” एवढा निरोप घेऊन त्या आल्या. माझ्या घरात रांजणाच्या तळाला तांब्याभर गढूळ पाणी होतं आणि घरात एक तापाने फणफणलेलं लेकरू होतं. कामावर कुणी गेलं नाही. सगळे साहेबरावाच्या दारात जमले.

ग्यानोबा आजा म्हणाला, “लिव्ह बाबा, त्यो म्हनंल तसं लिव्ह. गोष्टीपायी मानसं मारतो का?”

नरसिंग भडकला. “आज त्यानं गोष्ट बदलाया लावली. उद्या जयंती कशी करायची ते बी त्योच सांगंल. ह्याच्यासाठी आपल्या बापानं सगळं सोडलं व्हय?”

दोघांचंही बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. साहेबराव उंबऱ्यावर बसून हाताचा रंग नखाने खरवडत होता. मी त्याला इतका हैराण कधी बघितला नव्हता. दहा भागांत त्याने एकाही माणसाच्या धाकाने एक शब्द बदलला नव्हता. शेवटी त्याने आत बघितलं.

धुरपताबाई रिकाम्या घागरी एकावर एक रचत होती. ती वळलीही नाही. “लिव्हा,” म्हणाली. “लेकरं तान्हेली हायत. गोष्ट काय, फुडल्या साली नीट करता यील.”

त्याने लिहिलं. लिहून झाल्यावर तो मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मला त्याचा राग आला, नरसिंगचा आला, माझाही आला. पण मला पाणी हवं होतं, खोटं कशाला बोलू?

नवं लिहिलेलं असं होतं. धुरपताबाई आणि आणखी दोघी चांदावरच्या विहिरीशी येतात. रिवाजाप्रमाणे धुरपताबाईनेही नाव ठेवलं होतं, तेव्हा तिला काम करणं भाग होतं. ती विचारते, “मालक, पाणी भरू का?” मालक म्हणतो, “भरा माय, पाणी सगळ्यांचं हाय.” मग यंत्रमानव दोर सोडतो, तारा गाणं म्हणते, खेळ खलास. श्रीमंतला बोलायचं होतं ते एवढंच एक वाक्य. दुपारी त्याने ते चारदा म्हणून दाखवलं आणि चारही वेळा बरोबर म्हटलं.

ऊन कललं तशी माणसं जमली. एवढी गर्दी मी त्याआधी बघितली नव्हती. निम्मं गाव आलं होतं, आपला मालक सोंगात कसा दिसतो ते बघायला. आमच्या पोरांना आयांनी मांडीवर दाबून धरलं होतं. कस्तुराबाईंची गाडी अगदी पुढे लावलेली होती.

मी डब्यात शिरून विहिरीच्या उजव्या अंगाला उभा राहिलो. पडद्याआड साहेबराव हातात कागद धरून बसला, कुणी विसरलं तर सांगायला. श्रीमंत आला. टोपलीला चमकी चिकटवून केलेला टोप त्याला जरा घट्टच होत होता. गावातून शिट्ट्या आल्या. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि विहिरीच्या कडेला बसला, रोज बसतो तसाच, एक पाय दुमडून.

धुरपताबाई आणि त्या दोघी काखेत घागरी घेऊन आल्या. घागरी खऱ्याच होत्या, सकाळी रिकाम्या आलेल्या. तिने विचारलं, “मालक, पाणी भरू का?”

आणि श्रीमंतने मान वर न करता सांगितलं, “थांबा. आधी जनावरं पिऊ द्या.”

चार वेळा घोकलेलं वाक्य गेलं कुठच्या कुठे. रोज पहाटे तोच माणूस, तीच बाई, तीच घागर, मग तोंडातून दुसरं काय येणार? त्याला स्वतःला कळलंही नाही. आणि धुरपताबाईनेही रोजच्यासारखी घागर पालथी घातली आणि तिच्यावर बसली. त्या दोघीही बसल्या. त्यांनाही कळलं नव्हतं.

आधी पोरं हसली. “चांदावर कुटली आली जनावरं?” कुणीतरी ओरडलं. मग हसू मध्येच तुटलं. आमच्या बायकांना ते वाक्य पाठ होतं. एकेकीची मान ताठ झाली. पडद्याआडून साहेबराव दबक्या आवाजात सांगत होता, “भरा माय, पाणी सगळ्यांचं हाय. भरा माय.” श्रीमंतला ऐकू येत असावं, पण टोपाखाली त्याचं तोंड उघडलं ते मिटेना. डब्यात माझा घाम डोळ्यांत उतरत होता आणि मी हात वर करू शकत नव्हतो. आता गेलं पाणी, एवढंच माझ्या मनात होतं.

तेव्हा गाडीतून कस्तुराबाई बोलल्या. भांडायला नाही. भाग समजला नाही की त्या विचारायच्या, तशाच विचारत होत्या.

“आरं श्रीमंता, जनावरं तर पहाटंच पिऊन मोकळी व्हत्यात. मीच तर सोडते त्यांला हौदावर, चांदणी हाय तवर. मग ह्या बाया कशापायी बसल्यात?”

धुरपताबाईने मान वळवून म्हातारीकडे बघितलं आणि मग श्रीमंतकडे. इतक्या दिवसांच्या सकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील, माझ्या तर गेल्या. माझी बायको समोरच बसली होती. ती उठली, चार पावलं चालून फळ्यांवर चढली आणि धुरपताबाईशेजारी खाली बसली. तिच्या मागून आणखी एक आली, मग आणखी. फळ्या करकरल्या.

श्रीमंतला एकदाचं वाक्य आठवलं. “भरा माय,” तो घाईने म्हणाला, “पाणी सगळ्यांचं हाय.”

धुरपताबाई उठली नाही. “हे चांदावरचं झालं, मालक,” ती म्हणाली. “सकाळी मळ्यात काय म्हणणार?”

श्रीमंतने पडद्याकडे बघितलं. आतून कुणीतरी पुढचं सांगेल, अशी त्याची आशा होती. साहेबराव बाहेर आला. हातातला कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो मान वर करून बोलला.

“त्याच्या फुडं मी लिव्हलेलं न्हाई, मालक. तुमचं तुम्हीच सांगा.”

टोप घट्ट बसला होता, निघता निघेना. श्रीमंतने दोन्ही हातांनी तो ओढला तेव्हा चमकी त्याच्या केसांना चिकटून राहिली. त्याने गाडीकडे बघितलं नाही, आमच्याकडेही नाही. फळ्यांकडे बघत म्हणाला, “उजाडायच्या आत या. जनावरं पिलेलीच आसत्यात.”

धुरपताबाई उठली, घागर सुलटी करून काखेला लावली, आणि मगच बाकीच्या बाया उठल्या.